सख्याच्या पुढची पायरी

“सख्याच्या पुढे काय गो, कुमे?”

अच्युतने झांजा मांडीवर ठेवून विचारलं. आमच्या पडवीत सकाळची उन्हं उतरली होती. मी पेटीचा भाता सोडला.

“नऊ भक्ती पाठ नाहीत वाटतं बुवांना?”

“पाठ आहेत. तुझ्या तोंडून ऐकल्या की मला पुढचं सुचतं.”

मी सांगितल्या. श्रवण, कीर्तन, स्मरण, पादसेवन, अर्चन, वंदन, दास्य. “आठवी सख्य. नववी आत्मनिवेदन.”

“आत्मनिवेदन म्हणजे?”

“स्वतःला देऊन टाकणं. परीक्षा घेतोस काय रे माझी?”

“पूर्वरंग बांधतोय गो. हे बघ. दास्यात भीती आहे. सख्यात ती गेली. आणि मैत्री मुरली, चांगली वर्षानुवर्षं मुरली, की माणूस एक दिवस आपण होऊन स्वतःला देऊन टाकतो. समोरच्याला मागावं लागत नाही. सख्याच्या पुढची पायरी ती. कसं वाटतंय?”

“चांगलं आहे,” मी म्हटलं. आवाज नेहमीपेक्षा बारीक निघाला, म्हणून लगेच पेटीवर बोटं ठेवली.

देवरूखात आमचं घर आणि अच्युतचं, म्हणजे सहस्रबुद्ध्यांचं, घर यांच्यामध्ये एक बुटका दगडी गडगा होता, आणि त्या गडग्याचे वरचे चिरे आम्हा दोघांच्या ये-जा करण्याने गुळगुळीत झाले होते. माझे वडील संगीत शिकवत. त्यांनी अच्युतला गळा दिला, मला पेटी दिली. पुढे तो कीर्तनं करू लागला आणि साथीला मी बसू लागले. बुवांच्या साथीला बाई, याचं बाहेरगावी थोडं नवल व्हायचं. आमच्या गावात नाही. आळीतल्या बायका देवळाच्या पायरीवर आम्हाला बघून म्हणायच्या, “आली गो जोडी.” मी म्हणायची, “आमच्यात तसलं काही नाही हो.” आणि त्या एकमेकींना कोपराने ढोसायच्या.

हे वाक्य मी कुठून उचललं होतं ते मला चांगलं माहीत होतं. दुपारी मी गावच्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करायची. तिथे एका कपाटाच्या खालच्या फळीवर खाकी कव्हरं घातलेल्या कादंबऱ्या असत. बायका त्या पदराखाली घालून नेत. सगळ्यांची कथा साधारण एक. लहानसं गाव, एक आळी, लहानपणापासूनचे दोघं. सगळ्या गावाला कळलेलं असतं, फक्त त्या दोघांना कळलेलं नसतं. नायिका पानापानावर म्हणते, आमच्यात तसलं काही नाही. मी त्या सगळ्या वाचल्या होत्या, काही दोनदा, आणि प्रत्येकीची गोष्ट अच्युतला गडग्यावर बसून सांगितली होती. तो तोंड वाकडं करायचा, पण उठून जात नसे.

त्या सकाळी पडवीतही तो म्हणालाच. “तुझ्या त्या पुस्तकांत नवीन काय असतं गो? कुणाचं कुणाशी ते पहिल्या पानावर कळतं.”

“आणि कीर्तनात नाही कळत? देव भक्ताच्या हाकेला येणार हे नमनालाच ठाऊक असतं की. तरी तो येईपर्यंत आपण मांडी मोडत नाही. कसा येतो ते ऐकायला बसतो.”

“हे बरं आहे. हे मी वापरणार.”

“वापर. आणि दुसरं म्हणजे, त्यांत कोणी कुणाला बघायला येत नाही. पोहे नाहीत, चालून दाखव नाही, गाणं म्हणून दाखव नाही. ज्याने तुला शेंबडी बघितलंय, तापात बडबडताना बघितलंय, तोच तुला पुन्हा निवडतो. काही लपवायचं उरलेलंच नसतं.”

“आणि तरी निवडतो,” अच्युत म्हणाला.

“तरी निवडतो.”

तो झांजांची दोरी बोटाला गुंडाळत राहिला. मग म्हणाला, “कुमे, उत्तररंगाला पुराणातलं आख्यान घेतच नाही यंदा. तुझ्या पुस्तकांतल्यासारखं घेतो. आजच्या काळातलं. एक गाव, दोघं मित्र.”

“देवळात?”

“का? गणपती काय वाचनालयात येत नाही?”

मी हसले. कीर्तनाचे दोन भाग. पूर्वरंगात एक विचार मांडायचा आणि उत्तररंगात गोष्ट सांगून तो विचार लोकांच्या काळजात उतरवायचा. सख्यातून आत्मनिवेदन हा विचार, आणि त्यावर गोष्ट लहानपणच्या दोन मित्रांची. यात मी काय समजायचं? मी खुळी होते असं नाही म्हणवत मला. कीर्तनात वाढलेली कुठलीही मुलगी तेच समजली असती.

आम्ही ती गोष्ट माघी उत्सवापर्यंत रोज बांधली. मुलाचं नाव नारायण, मुलीचं गोदा. बाकी सगळं आमचंच होतं. अच्युतला विषमज्वर झाला तेव्हा मी गडग्यावरून पेजेची वाटी द्यायची, ते घातलं. त्याचे वडील गेले तेव्हा तो चारचौघांत रडला नाही आणि तेराव्यानंतर गडग्यापाशी येऊन रडला, ते घालायचं की नाही यावर तो अडखळला.

“लोक ओळखतील गो.”

“ओळखू देत,” मी म्हटलं.

“तुला चालेल?”

“मला काय होतंय?”

शेवट मी सुचवला. नारायणाला मोठ्या शहरातून बोलावणं येतं, तो जायला निघतो, एस.टी. सुटायच्या आधी त्याच्या लक्षात येतं आणि तो उतरतो. मग लग्न. अच्युत म्हणाला, “शेवटी मंगलाष्टक म्हणू. देवादिकांच्या लग्नाच्या आख्यानात वाटतात तशा लोकांना अक्षता वाटू. अख्खा सभामंडप अक्षता टाकेल. तू करशील ना अक्षता?”

“करत्ये की.”

मी आईला सांगितलं नाही. सांगण्यासारखं तो काही बोललाच नव्हता. पण कीर्तनाच्या दिवशी सकाळी मी निवडून निवडून तांदूळ घेतले, एकही कणी येऊ दिली नाही. तुपाचा हात लावला, कुंकू लावलं आणि परातीत पसरून उन्हात ठेवले. आई येताजाता बघत होती. ती म्हणाली, “बरं दिसतंय.” एवढंच. तिला सगळं कळलं असावं, कारण दुपारी तिने स्वतःची मोतिया रंगाची साडी काढून माझ्या खाटेवर ठेवली.

माई, म्हणजे अच्युतची आई, गडग्यावरून डोकावली. “कुमुद, नीटनेटकी येशील हो आज. रत्नागिरीहून पाहुणे यायचेत.”

“कोण गो माई?”

“घाणेकर म्हणून आहेत. अच्युतचं कीर्तन ऐकायला येतायत मुद्दाम.” आणि लगेच तिला दूध उतू जाण्याची आठवण झाली.

कीर्तन दुपारी चारला उभं राहिलं. गणपतीच्या देवळाचा सभामंडप भरला होता. पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे, पोरं खांबांना टेकून. अच्युतने पांढरा अंगरखा आणि केशरी फेटा घातला होता. मी पेटीवर काळी एकचा सूर धरला, तबल्यावर भिडेमास्तरांनी ठेका दिला आणि त्याने नमनाला आवाज लावला. इतकी वर्षं झाली, कितीतरी बुवा ऐकले, पण तसा लागलेला आवाज मी पुन्हा ऐकला नाही. हे मी आजही म्हणते. गळा देवाने दिलेला असतो, तो माणसाच्या वागण्यावर अवलंबून नसतो.

पूर्वरंग असा रंगला की म्हातारी माणसं माना डोलवायची थांबून नुसती बघत राहिली. दास्यातली भीती त्याने सांगितली, सख्यातला मोकळेपणा सांगितला. माझं वाक्यही आलं. “देव येणार हे नमनालाच ठाऊक असतं मंडळी, पण तो कसा येतो ते ऐकायला आपण बसतो.” सभामंडपातून “वा” आलं आणि मला गालांवर ऊन पडल्यासारखं झालं.

मध्यंतरात बुवांना बुक्का लावून हार घालायचा असतो. हार घालायला एक उंच, सोनेरी काड्यांचा चष्मा लावलेले गृहस्थ उठले. अच्युत त्यांच्या पायाशी जरा जास्तच वाकला. ते घाणेकर. बायकांच्या बाजूला माईच्या शेजारी निळ्या साडीतली एक मुलगी बसली होती. हार घालताना माईने तिच्या पाठीवर हात ठेवलेला मी पाहिला. पाहिला आणि तरी मला काही कळलं नाही. माझं लक्ष अक्षतांच्या परातीकडे होतं. ती देवापुढे झाकून ठेवली होती.

उत्तररंग सुरू झाला. नारायण आला, गोदा आली. विषमज्वर आला, पेजेची वाटी आली. आळीतल्या बायकांनी पहिल्यांदा एकमेकींकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून सूर भरत राहिले. वडिलांच्या मरणाचा प्रसंग आला तेव्हा कुठेतरी हुंदका फुटला. अच्युतने आवाज खाली आणला.

“गडग्यापाशी नारायण रडत उभा आहे. गोदा पलीकडून काही बोलत नाही. आणि नारायण तिला म्हणतो,” इथे तो थांबला. आम्ही बसवलेल्या गोष्टीत नारायण इथे काही म्हणत नव्हता. “नारायण तिला म्हणतो, गोदे, देवाने मला पाठची बहीण दिली नाही असं मी आजवर समजत होतो.”

मला वाटलं, वाक्य चुकलं. बुवांचं वाक्य चुकलं की साथीदाराने सूर भरून सावरून घ्यायचं असतं. मी सूर भरला.

“मंडळी, सख्याच्या पुढची पायरी कोणती? आत्मनिवेदन. आणि आत्मनिवेदन म्हणजे काय? आपला स्वार्थ, आपली आसक्ती देऊन टाकणं. जग मैत्रीकडे मळलेल्या डोळ्यांनी बघतं. हलक्या कादंबऱ्या वाचून लोकांची दृष्टी अशी होते. एक मुलगा, एक मुलगी, मग दुसरं काय असणार? पण माझा नारायण त्या कादंबरीतला नाही. त्याने त्या मैत्रीचं सोनं केलं. तिला बहिणीच्या जागी बसवलं.”

पुढे त्याने काय काय सांगितलं ते मी ऐकलं, पण माझ्याकडून ते नीट सांगवत नाही. बोटं आपोआप चालली होती. नारायणाची एस.टी. आली, आणि तो उतरला नाही. गोदेने त्याला निरोप दिला, भाऊ म्हणून. सभामंडपात बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. मग तो म्हणाला, “ही गोष्ट पुराणातली नाही हो. मी ती पोथीत वाचलेली नाही. माझी गोदा इथेच, या पेटीवर बसली आहे. कुमुद लिमये. माझी मानलेली बहीण.”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. कोणीतरी म्हणालं, “अगो बाई, असं होय.” त्यात निराशा होती की समाधान, कोण जाणे.

माई उठली. तिच्या हातात तबक होतं. त्यात निरांजन लावलेलं, सुपारी, कुंकवाचा करंडा. म्हणजे ते घरून भरून आणलेलं होतं. तिने देवापुढच्या परातीवरचं फडकं काढलं, माझ्या अक्षतांतली एक मूठ तबकात घातली आणि तबक माझ्यापुढे धरलं.

“ऊठ गो बाळ. ओवाळ त्याला.”

मी तिच्याकडे बघितलं. तिने बघितलं नाही.

मला लहानपणापासून एक शिकवलं होतं. कीर्तन उभं असताना मध्येच उठायचं नाही, वाद घालायचा नाही, रसभंग करायचा नाही. कीर्तनात देव उभा असतो. माझा त्यावर विश्वास होता आणि आहे. मी उठले, अच्युतच्या कपाळाला कुंकू लावलं, त्यावर अक्षता लावल्या, निरांजन ओवाळलं. इतक्या वर्षांत एकाही भाऊबीजेला मी त्याला ओवाळलं नव्हतं. त्याने कधी विचारलं नव्हतं, का नाही. त्या क्षणी मला कळलं की कारण त्याला माहीत होतं.

पुन्हा पेटीशी बसले. गजर झाला, आरती झाली. आरतीला मी सूर कमी पडू दिला नाही. ती त्याची नव्हती.

लोक प्रसादासाठी उठले तेव्हा तो पेटीजवळ आला. घाम पुसत, फेटा काढत.

“रागावलीस?”

मी पेटीची कडी लावत होते.

“सांगणारच होतो गो तुला. घाणेकरांच्या कानावर कोणीतरी कायबाय घातलं, आपल्या दोघांबद्दल. मग आख्यान बदलावं लागलं.”

“कधी बदललंस?”

“झाले काही दिवस.”

“आणि रोज माझ्यासमोर जुनंच म्हणत होतास.”

“तुला आधी सांगितलं असतं तर तू बसली असतीस का साथीला?” मग आवाज खाली घेऊन, समजूत घातल्यासारखा, “आणि आपल्यात तसं काही कधी नव्हतंच ना. तूच म्हणायचीस सगळ्यांना.”

“अक्षता मी कशासाठी करत्ये ते ठाऊक होतं तुला?”

तो उपरणं नीट करत राहिला. “लोक थांबलेत कुमे,” म्हणाला आणि गेला. घाणेकर खांबापाशी उभे होते. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला.

मला घरी जायचं होतं, पण प्रसादाची खिरापत वाढायला बायका कमी होत्या, म्हणून देवळामागच्या ओवरीत गेले. खोबरं आणि साखरेचं मोठं पातेलं होतं. मी द्रोण भरू लागले. जरा वेळाने दारात निळी साडी दिसली.

“मदत करू?”

“पाहुण्या आहात तुम्ही.”

“अजून नक्की नाही ते,” ती म्हणाली आणि समोर पाय मुडपून बसली. “मी वृंदा घाणेकर. तुम्ही वाचनालयात असता ना? माई सांगत होत्या.”

“हो.”

“मग त्या कादंबऱ्या तुमच्याकडेही असतील. खाकी कव्हरातल्या. मी खूप वाचते. बुवांना आवडत नाहीत असं दिसलं आज.”

ती द्रोण भरत होती, अगदी सारखे, एकात जास्त एकात कमी असं न होऊ देता.

“त्यांत ती एक मुलगी असते बघा,” ती म्हणाली. “बाहेरगावची. नायकाचं तिच्याशी ठरलेलं असतं. सुशिक्षित, बरी दिसणारी, कुणाचं वाईट न करणारी. आणि शेवटून दुसऱ्या प्रकरणात नायकाला कळतं की आपलं खरं प्रेम गावातल्या मैत्रिणीवर आहे. मग तो हिला नाही म्हणतो.”

“असते.”

“तिचं पुढे काय होतं ते कुणी लिहीत नाही. ती एस.टी.त बसते आणि संपली.”

मी हात थांबवला. त्या सगळ्या कादंबऱ्या मी वाचल्या होत्या, काही दोनदा, आणि त्या मुलीचं एकीतलंही नाव मला आठवेना. तिची पानं मी भरभर उलटायची.

“मला तुमच्याबद्दल कळल्यापासून मी तिचाच विचार करत्ये,” वृंदा म्हणाली. “बाबांना म्हटलं, होकार देण्याआधी एकदा गावात जाऊन येऊ. आज कीर्तन ऐकलं आणि खरं सांगते, इतकं बरं वाटलं. म्हटलं, मी ती नाही. मग तुम्ही ओवाळायला उठलात.”

“मग?”

“मला दोन भाऊ आहेत. ओवाळताना मी त्यांच्या तोंडाकडे बघते. यंदा तबकात काय घालणार म्हणून चिडवते. धाकट्याच्या नाकाला मुद्दाम कुंकू लावते.” ती थांबली. “तुम्ही डोळे मिटून ओवाळलंत.”

बाहेर पोरं दुसऱ्यांदा प्रसाद मागत होती आणि कोणीतरी त्यांना हाकलत होतं. मी म्हटलं, “तुम्हाला काय विचारायचंय ते विचारा.”

“ती गोष्ट मुळात अशीच होती?”

“नाही.”

“कशी होती?”

“नारायण एस.टी.तून उतरतो.”

तिने मान हलवली. तिला आश्चर्य वाटलं नाही. “आणि अक्षता त्यासाठी होत्या. मला वाटलंच. ओवाळायला कुणी परातभर अक्षता करत नाही.”

“पण तुम्ही मनात काही आणू नका,” मी घाईने म्हटलं. मला तिचं वाईट वाटायला लागलं होतं. स्वतःचं वाटायच्या आधी तिचं वाटायला लागलं होतं. “त्याने मला कधी शब्द दिला नव्हता. कधी हात लावला नाही. मीच समजले. तुम्ही ती बाहेरगावची मुलगी नाही. त्याला लग्न तुमच्याशी करायचंय, त्यासाठीच त्याने हे केलं. ती मुलगी कोणी असेल तर मी आहे.”

“समजा,” वृंदा म्हणाली, “मी आज नाही म्हटलं आणि बाबांबरोबर परत गेले. उद्या ते गडग्यापाशी आले आणि म्हणाले, कुमुद, चुकलं माझं. तर तुम्ही कराल लग्न?”

हे शेवटचं प्रकरण होतं. मी ते इतक्या वेळा वाचलं होतं की मला ते डोळे मिटून सांगता आलं असतं. तो येतो, चुकलं म्हणतो, आणि ती काही न बोलता रडते, म्हणजे हो. मी ते प्रकरण आता माझ्यापुढे धरून बघितलं. अच्युत गडग्यापाशी उभा आहे, त्याच त्या लागलेल्या आवाजात बोलतो आहे. आणि मी पलीकडून ऐकते आहे आणि विचार करते आहे, हे माझ्यासाठी बांधलंय की मागे ऐकायला कुणी बसलंय.

“नाही,” मी म्हटलं.

“लगेच म्हणालात.”

“मलाही आत्ताच कळलं.”

“ज्या बाईने त्यांना लहानपणापासून बघितलंय, ती नको म्हणते.” वृंदाने हातातला द्रोण खाली ठेवला आणि पदराला बोटं पुसली. “मग मी तर आज पहिल्यांदा बघितलंय.”

“अहो, पण माझं वेगळं. माझा भरवसा गेला. तुमचं अजून काही…”

“जे तुमच्याबाबतीत इतकं सहज जमलं,” ती म्हणाली, “ते माझ्याबाबतीत अवघड जाईल का त्यांना?”

ती उठली. जाताना दारात थांबली, माझ्याजवळ परत आली आणि खाली वाकून पटकन माझा खोबऱ्याने माखलेला हात हातात धरला. मग सभामंडपात गेली.

मी ओवरीच्या दारात येऊन उभी राहिले. घाणेकर, माई, अच्युत आणि गावातली दोन थोर माणसं गालिच्यावर बसली होती. माईने पेढ्यांचा पुडा उघडला होता. वृंदा वडिलांच्या मागे जाऊन उभी राहिली.

“बाबा, निघूया.”

“अगं बसतोय ना आत्ता. बुवा म्हणतात, चहा घेऊन…”

“निघूया बाबा.”

तिने आवाज चढवला नव्हता. घाणेकरांनी चष्मा काढला, लेकीच्या तोंडाकडे नीट पाहिलं, आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. “बरंय माई. आम्ही कळवतो,” ते म्हणाले. माईने पुडा मिटला. कळवतो म्हणजे काय ते आमच्या भागात लहान पोरालाही कळतं. थोर माणसांपैकी एकाने खाकरून देवाकडे तोंड केलं.

अच्युत बसल्या जागी वळला. आधी वृंदाकडे, मग ती ज्या दारातून आली त्या दाराकडे. तिथे मी होते, हातात पातेल्यातला डाव घेऊन. त्याच्या कपाळावर माझ्या अक्षता अजून चिकटलेल्या होत्या.

त्याने माझ्याकडे कसं बघितलं ते मला सांगता येणार नाही. पण भाऊ बहिणीकडे तसं बघत नाही.